बाकाचा आकडा
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा मंडळाचा आमच्यावरील लोभ होय. अशा प्रसंगी वक्त्याने पूर्वजांच्या कर्तबगारीचे गोडवे गावेत, तरुणांना दोन कानपिचक्या द्याव्यात आणि टाळ्या घेऊन खाली बसावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. आम्ही आज तसे करणार नाही. एका लोखंडी आकड्याविषयी आम्ही बोलणार आहोत. तो आकडा समोर मेजावर ठेवला आहे. मघाशी व्यवस्थापकांपैकी एकाने तो उचलून पाहिला आणि हा मोटारीचा काही सुटा भाग आहे काय, अशी पृच्छा केली. त्यांना दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. कारण खुद्द आमच्या घरात तो तीस वर्षे ओळखीवाचून पडून होता.

प्रथम त्याचे रूप सांगतो. मागे बसलेल्या मंडळींनी वृद्धाच्या हातातील वाकड्या मुठीची काठी डोळ्यांपुढे आणावी. खाली हातभर लांबीचा गोल, सरळ दांडा. वरच्या टोकाशी बाक. बाकापासून निघून पुढे उतरत गेलेला निमुळता हात. आणि हाताच्या शेवटी अंगठ्याच्या पेराप्रमाणे चपटा केलेला पंजा. यात मळसूत्र नाही, खटका नाही, हलणारा एकही भाग नाही. सुताराच्या बाकाला आरपार भोक पाडावे, त्यात दांडा सोडावा, पंजाखाली लाकूड ठेवावे आणि आकड्याच्या डोक्यावर मोगरीचा एक ठोका द्यावा. लाकूड जागचे हलत नाही. सोडवायचे झाल्यास आकड्याच्या पाठीवर मागून एक टोला द्यावा. लाकूड मोकळे होते. इंग्रजीत यास होल्डफास्ट म्हणतात. पण या नावाने तो बाजारात मागण्याची चूक करू नये. आपल्याकडे दाराची चौकट भिंतीत पक्की धरून ठेवण्यासाठी जी लोखंडी पट्टी ठोकतात तिलाच होल्डफास्ट म्हणण्याची वहिवाट पडली आहे, आणि दुकानदार तीच काढून देतो. आम्हांस दोन दुकानांत तीच मिळाली. यास्तव आम्ही घरी ‘बाकाचा आकडा’ असे म्हणू लागलो, आणि येथेही तेच नाव चालवतो.

आता या आकड्याची आणि आमची गाठ कशी पडली ते सांगणे प्राप्त आहे. ते सांगताना आम्हांस संकोच वाटतो. तथापि तो भाग गाळला तर उरलेले सांगण्यात अर्थ नाही.

आमचे आजोबा गावचे सुतार. बलुत्यावर नांगर, कुळव, गाडीची चाके करीत. त्यांच्याजवळ बाक नव्हता. जमिनीवर बसूनच सारे काम चाले. लाकूड धरण्याचे काम त्यांचे पाय करीत. मोठी फळी असली तर टाचेखाली दाबीत, लहान तुकडा असला तर अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या चिमटीत धरीत, आणि दोन्ही हात हत्यारासाठी मोकळे ठेवीत. वाकसाचा घाव अंगठ्यापासून दोन बोटांवर पडे आणि ढलपी उडून जाई. आम्ही लहानपणी उंबऱ्यावर बसून हे पाहात असू. पुढे वडील मुंबईस आले आणि एका कारखान्याच्या सुतारखात्यात उभ्याने, बाकावर काम करू लागले. आम्ही तर कचेरीत खुर्चीवर बसूनच जन्म काढला. पटाशीला धार लावणे एवढे मात्र वडिलांनी शिकवले होते. ते विसरलो नव्हतो.

सेवानिवृत्त झाल्यावर रिकामा वेळ खायला उठला, म्हणून घराच्या गॅलरीत एक लहानसे सुतारकाम मांडले. सतरा वर्षांचा नातू सुट्टीत येऊन बसू लागला. त्याच्या हातात कला आहे हे दिसत होते. एके दिवशी तो एका पाटाच्या पायात कुसवासाठी खाच पाडीत होता आणि लाकूड सारखे सरकत होते. तो म्हणाला, ‘‘आजोबा, याला धरायला काही पाहिजे.’’ आम्ही मोठ्या दिमाखाने उत्तर दिले, ‘‘तुझ्या खापरपणजोबांना काही लागत नसे. डाव्या हाताने दाबून धर.’’ त्याने धरले. पटाशी गाठीवरून घसरली आणि डाव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी शिरली. स्नायुबंध तुटला होता. शस्त्रक्रिया झाली, टाके पडले, पुढे कित्येक महिने बोटाचे व्यायाम झाले. ते बोट आजही पुरते मिटत नाही. तो तबला वाजवीत असे. तो बंद झाला. त्याने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही.

त्यानंतर पुष्कळ रात्री आम्ही आजोबांच्या बैठकीचा विचार केला. त्यांच्या पायांच्या अंगठ्यांवर जुने पांढरे वण होते, ते आम्हांस तेव्हा प्रथम आठवले. पायाने लाकूड धरण्याची ती विद्या त्यांनी सातव्या-आठव्या वर्षापासून अंगी मुरवली होती, आणि तिची किंमतही त्यांनी मोजली होती. आम्ही ती विद्या कधी शिकलो नव्हतो; फक्त पाहिली होती. पाहिलेल्या विद्येच्या जोरावर आम्ही मुलाला हुकूम सोडला.

सौभाग्यवतींनी हत्यारे माळ्यावर टाकण्याचे ठरवले आणि आम्हीही हरकत घेतली नाही. माळ्यावर जागा करताना वडिलांच्या पेटीशेजारी हा आकडा सापडला. सापडला असे म्हणणे तरी खरे नाही. पूर्वी पावसाळ्यात गॅलरीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आम्ही तोच दाराला अडकवीत असू. कित्येक वर्षे आमच्या लेखी तो दाराचा अडसरच होता. त्या दिवशी त्याच्या डोक्यावरील ठोक्यांचे चपटे वण पाहिले आणि वडिलांच्या कारखान्यातील बाक डोळ्यांपुढे उभा राहिला. एकदा शाळेला सुट्टी असताना त्यांनी आम्हांस तेथे नेले होते. बाकाच्या फळीला भोके होती, आणि वडील काम करता करता न पाहताच त्यांतून हा आकडा काढीत व घालीत. अडसर म्हणून वापरलेली ती वस्तू हाताशी असती, तर नातवाचा हात शाबूत राहिला असता. असो.

हा आकडा काही वडिलांच्या कारखान्याचा शोध नव्हे. इटलीतील हर्क्युलेनियम हे नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या उद्रेकात गाडले गेले. तेथील एका भित्तिचित्रात पंखांची बालके सुताराच्या बाकावर फळी कापताना दाखवली आहेत आणि त्या बाकाला असाच आकडा बसवलेला आहे. म्हणजे हे साधन सुमारे दोन हजार वर्षे जुने झाले. इंग्लंडात जोसेफ मॉक्सन याने १६७८ पासून निरनिराळ्या कारागिरीवर जी पुस्तिकामाला काढली तीत सुताराच्या बाकाबरोबर याचे वर्णन येते. फ्रान्समध्ये आंद्रे जाकोब रूबो या सुतारानेच १७६९ पासून सुतारकामावर विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातही हा आहे. फ्रेंच लोक त्याला ‘व्हाले’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ सेवक, घरगडी. हे नाव आम्हांस फार आवडले. सांगितले ते धरून ठेवावे आणि सोड म्हटले की सोडावे, असा गडी आज मिळणे कठीण.

आता यात मळसूत्र नसताना तो धरतो कसा, हा प्रश्न कोणाही विचारी माणसास पडेल. आमचा प्रथम असा समज होता की दांडा भोकात घट्ट बसत असला पाहिजे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. दांडा भोकात किंचित सैल असावा लागतो. सैल असल्यामुळेच तो धरतो. डोक्यावर ठोका बसला की दांडा खाली सरकू पाहतो, पण पंजा लाकडावर टेकलेला असल्याने त्याचा हात धनुष्यासारखा थोडा ताणला जातो आणि दांडा भोकात तिरपा होतो. तिरपा झालेला दांडा दोन जागी टेकतो: वरच्या तोंडाशी मागच्या काठावर आणि खालच्या तोंडाशी पुढच्या काठावर. लाकूड पंजाला वर लोटू पाहते. ते जितके जोराने लोटते तितका दांडा त्या दोन काठांवर अधिक रुततो. घट्ट झालेला चिखलातला बूट जसा ओढू तसा अधिक रुसतो, त्यातला हा प्रकार.

आपल्यांत अभियंते बरेच आहेत, त्यांच्यासाठी हिशेबही सांगून टाकतो. दांड्यापासून पंजापर्यंतचे अंतर म्हणजे आकड्याची पोच. ही पोच बाकाच्या फळीच्या जाडीला घर्षणांकाच्या दुपटीने भागून येणाऱ्या आकड्याहून कमी असता कामा नये. लोखंड आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला तर ३ इंच जाडीच्या फळीला निदान ५ इंच पोच लागते. फळी ५ इंच जाड केली तर सव्वाआठ इंचांहून अधिक लागेल. ठोका किती जोराचा दिला याचा या हिशेबात संबंधच येत नाही, हे लक्षात घ्यावे. भूमिती जुळली असेल तर हलका टोलाही पुरतो. जुळली नसेल तर घणाने मारले तरी आकडा सुटून उडी मारतो. बाक जितका जाड तितका उत्तम, या समजुतीने एका स्नेह्यांनी साडेपाच इंच जाडीचे जुने तुळवट बाकाला वापरले आणि आकडा धरीना म्हणून लोहाराला बोल लावला. आम्ही त्यांना भोकाचा खालचा भाग अधिक रुंद करून घेण्यास सांगितले. म्हणजे दांडा जेथे टेकतो ती जाडी तेवढी कमी झाली, आणि आकडा मुकाट्याने धरू लागला. उलटपक्षी फळी एक इंचाचीच असेल तर काठांवर ताण फार पडून भोक लवकर चेपते. तेव्हा भोकाखाली टणक लाकडाचा ठोकळा चिकटवून जाडी वाढवावी.

वडिलांचा आकडा एकच. तो मजबूत आहे, पण एकाने सर्व कामे भागत नाहीत. लांब फळीला दोन लागतात. म्हणून दुसरा करवून घेण्याचे ठरले. आपल्या ज्ञातीत सुतारकामाची आणि लोहारकामाची अशी दोन्ही घराणी एका पंगतीस बसतात, पण शहरात भट्टी पेटवणारा माणूस शोधून काढण्यास आम्हांस दोन महिने लागले. शेवटी तालुक्याच्या गावी, कोयते आणि कुदळी पाणी देऊन विकणारा एक लोहार भेटला. त्याच्यापुढे वडिलांचा आकडा ठेवला. त्याने तो हातात फिरवून पाहिला, बोटाने हात दाबून पाहिला आणि म्हणाला, ‘‘यातली सगळी गंमत या निमुळत्यात आहे.’’ आम्ही पुस्तके वाचून जे समजून घेतले होते ते त्याने एका स्पर्शात सांगितले. खरोखरच, हात निमुळता असला की तो धनुष्यासारखा सहज ताणला जातो. त्याने साध्या लोखंडाची १८ मिलीमीटरची गुळगुळीत गोल सळई घेतली. बांधकामातील पिळाची सळई या कामी निरुपयोगी. एक टोक लाल करून ऐरणीवर लांबवीत निमुळते केले, पंजा चपटा केला, मग बाक दिला. वाकताना बाकाजवळ लोखंड पातळ होऊ नये याकडे त्याचे विशेष लक्ष होते. पाऊण तासात काम आटोपले. त्याने जे पैसे मागितले ते इतके अल्प होते की ते येथे उच्चारण्याची आम्हांस लाज वाटते. आम्ही अर्थात अधिक दिले. त्याचा मुलगा गावातच मोबाइलच्या दुकानात आहे, असे त्याने निघताना सांगितले. यावर आम्ही काय बोलणार? आमचे वडील तरी कोठे गावात राहिले?

भोक पाडण्याचे काम सोपे दिसते, पण तेथे घाई करू नये. १८ मिलीमीटरच्या दांड्याला १९ मिलीमीटरचे भोक योग्य. भोक फळीला अगदी काटकोनात हवे. गुण्या शेजारी उभा ठेवून दोन बाजूंनी पाहावे. गिरमिट वरून चालवावे, त्याचे टोक खाली डोकावले की थांबावे आणि उरलेले भोक खालून पाडावे, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या उडत नाहीत. आता घरोघरी विजेची यंत्रे झाली आहेत, त्यांनीही हे काम होते. फक्त यंत्र हातात वाकडे धरण्याचा मोह आवरावा. भोके किती पाडावीत, असे पुष्कळजण विचारतात. आमच्या मते प्रथम दोनच. आकडा भोकात चौफेर फिरतो, म्हणजे एका भोकाभोवती पोचेइतक्या त्रिज्येचे वर्तुळ त्याच्या ताब्यात असते. काम करीत जावे आणि जेथे ‘येथे असते तर बरे’ असे वारंवार वाटेल तेथे तिसरे पाडावे. एक भोक मात्र बाकाच्या पायाजवळ, पण पायाच्या लाकडाला चुकवून अवश्य असावे. कारण खाच पाडताना मोगरीचे घाव पायावरच पडले पाहिजेत. फळीच्या मध्यावर घाव घातले तर फळी झोका घेते आणि निम्मी मेहनत त्या झोक्यात जाते.

दांड्याला तेल लावू नये. भगिनींपैकी कोणी घरातील लोखंड गंजेल या काळजीने तसे करील, म्हणून मुद्दाम सांगतो. उलट नवा आकडा फार गुळगुळीत असल्यास जाड एमरी कागदाने दांड्यावर आडवे ओरखडे काढावेत. धर लगेच सुधारतो. पंजाखाली नेहमी लाकडाचा एक टाकाऊ तुकडा ठेवावा, नाही तर साग असो की शिसव, पंजाचा ठसा उमटल्यावाचून राहत नाही. आणि मोगरी लाकडी असावी, बाभळीची असल्यास उत्तम. लोखंडी हातोड्याने लोखंडावर मारण्याचा आवाज खालच्या मजल्यावरील कुटुंबास मानवत नाही, हा आमचा स्वानुभव आहे. रात्री काम करणाऱ्यांनी मळसूत्राचा शिकंजा वापरावा आणि शेजारधर्म राखावा.

रंधा मारताना पंजा आड येतो, ही या साधनाविषयीची नेहमीची तक्रार. तिच्यावरील उपाय आम्हांस इतका सुंदर वाटला की तो सांगितल्यावाचून राहवत नाही. दीड-दोन हात लांबीची, रंधायच्या फळीहून पातळ अशी एक पट्टी घ्यावी आणि तिच्या टोकाला काटकोनाची खाच पाडावी. हरणाच्या खुरासारखी ती दिसते. रंधायच्या फळीचे पुढचे टोक बाकावरील ठेप्याला टेकवावे. मागच्या कोपऱ्याला ही खाच भिडवावी आणि आकड्याने फळी न धरता ही पट्टी धरावी. फळीवर काहीच नाही, रंधा या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा धावतो. आणि फळी पुढेही जात नाही, बाजूलाही जात नाही. फळी उलटायची झाली तर नुसती उचलून उलटावी, ठोका नको, सोडवणे नको. आमच्या आजोबांनी हे पाहिले असते तर ते बराच वेळ काही बोलले नसते, आणि मग त्यांनी ती पट्टी आपल्या टाचेखाली दाबून पाहिली असती, याविषयी आम्हांस शंका नाही.

शिकंजे आणि पेचाचे क्लॅम्प आज पाहिजे तितके मिळतात, मग हा जुना आकडा कशास, असे कोणी म्हणेल. ज्यांचे त्यांनी ठरवावे. आम्हांस एवढेच दिसते की पेच फिरवण्याचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की माणूस ‘एवढ्याशा कामाला कशाला’ म्हणून डावा हात पुढे करतो. नातवाच्या हाताला जे काम भोवले ते तसेच एवढेसे होते, अर्ध्या मिनिटाचे. आकड्याला एक ठोका पुरतो. तेवढाही कंटाळा येणारा मनुष्य आम्ही अजून पाहिला नाही.

नातू वर्षभर हत्यारांकडे फिरकला नाही. आम्हीही बोलावले नाही. गेल्या दिवाळीत तो आपण होऊन गॅलरीत आला, आकडा भोकात सोडला, ठोका दिला आणि लाकूड दोन्ही हातांनी ओढून पाहिले. मग त्याने पटाशी मागितली. धार आम्ही त्याच्यासमोर पुन्हा लावून दिली. तो अपुरा राहिलेला पाट त्याने पूर्ण केला; डाव्या हाताची तर्जनी पटाशीच्या दांड्यावर थोडी उभीच राहते, पण दोन्ही हात आता पटाशीच्या मागे असतात, पुढे नसतात. अध्यक्षमहाराज ज्या पाटावर सन्मानासाठी बसले होते, तो हाच.

सभागृहाच्या दाराशी आमचा लहान बाक आणून ठेवला आहे. आकडे दोन आहेत, मोगरी आहे, सागाचे चार तुकडेही आहेत. भोजनास अजून अर्धा तास आहे असे चिटणीस खुणेने सांगत आहेत. ज्यांना ठोका देऊन पाहावयाचा असेल त्यांनी तेथे यावे. मुलांना प्रथम येऊ द्यावे, आणि त्यांनी आपला डावा हात पाठीमागे ठेवून उभे राहावे.